एक्सटीवरचं एक्स्पांडेड मेमरी कार्ड: एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ८०८८ प्रोसेसरचा एक एक्सटी क्लोन (आयबीएमच्या पीसी एक्सटीसारखं यंत्र), ६४० केबी मेमरी, हर्क्युलिस डिस्प्ले, डॉस ३.३. सोबत एक जुनं एक्स्पांडेड मेमरी कार्ड मिळालं आहे. त्यावर कंपनीचं नाव नाही, ९-९ चिपांच्या ८ रांगा आहेत आणि ड्रायव्हरची फ्लॉपी हरवलेली आहे. एमएस-डॉस ६.२२ मधलं ईएमएम३८६ (एक्स्पांडेड मेमरी देणारा ड्रायव्हर) टाकून पाहिलं, ते चालायला तयार नाही. एएसटी या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकला तर ‘कार्ड सापडलं नाही’ म्हणतो. दुसरीकडे घरच्या ४८६ वर हेच ईएमएम३८६ नीट चालतं, पण काही गेम ईएमएस (एक्स्पांडेड मेमरीचं स्टँडर्ड) मागतात आणि काही गेम ते पाहिलं की सुरूच होत नाहीत. ईएमएस हे जर स्टँडर्ड असेल तर ड्रायव्हरची इतकी अडचण का, आणि या एक्सटीवर लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रामला मोठी शीट देता येईल का?

देता येईल. पण आधी ‘स्टँडर्ड’ या शब्दाबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्या सगळ्या अडचणी तिथूनच निघाल्या आहेत. ईएमएस हा करार प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्यातला आहे. लोटसने ड्रायव्हरकडे मेमरी कशी मागायची आणि ड्रायव्हरने उत्तर कसं द्यायचं, एवढंच त्यात ठरलेलं आहे. ड्रायव्हरने कार्डाशी कसं बोलायचं याबद्दल त्या दस्तऐवजात एक ओळही नाही. ते प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. म्हणून कोणताही प्रोग्राम कोणत्याही ड्रायव्हरवर चालतो, पण कोणताही ड्रायव्हर कोणत्याही कार्डावर चालत नाही.

थोडी पार्श्वभूमी. ८०८८ ला पत्त्याच्या २० तारा, म्हणजे १ एमबीच्या पलीकडे तो पाहूच शकत नाही. आयबीएमने १९८१ च्या पीसीत त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रामसाठी आणि वरचे ३८४ केबी डिस्प्ले, कार्डांवरच्या रॉम आणि बायॉससाठी राखले. १९८५ पर्यंत लोटसची शीट वापरणाऱ्यांना ही जागा कमी पडायला लागली. त्या वर्षी लोटस आणि इंटेल यांनी मिळून ईएमएसची ३.० आवृत्ती मांडली, मग मायक्रोसॉफ्ट सामील झालं आणि ३.२ आली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला लिम म्हणतात. युक्ती साधी आहे. वरच्या ३८४ केबीत जिथे काहीच नाही अशी सलग ६४ केबीची जागा शोधायची. तिला पेज फ्रेम म्हणतात. तिचे १६ केबीचे चार तुकडे करायचे. कार्डावर मेमरी कितीही असो, एका वेळी तिची कोणतीही चार पानं या चार खिडक्यांत दाखवायची आणि हवं तसं पान बदलायचं. प्रोसेसरला वाटतं की तो आपल्या १ एमबीतच वाचतो आहे.

पान बदलतं ते कार्डावरच्या रजिस्टरमुळे, आणि ड्रायव्हर अडतो तो इथेच. इंटेलच्या अबव्ह बोर्डचं उदाहरण घेऊ, कारण तुमच्या कार्डाशी त्याचं नातं असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात चार खिडक्यांसाठी चार रजिस्टर्स आहेत. पाया, म्हणजे त्यांचा सुरुवातीचा पोर्ट-पत्ता, २५८ असेल तर ती २५८, ४२५८, ८२५८ आणि सी२५८ या पोर्टवर बसतात (हे सगळे पत्ते हेक्समध्ये आहेत, पुढचेही). प्रत्येक रजिस्टर ८ बिटांचं. त्यातले ७ बिट पानाचा क्रमांक सांगतात आणि आठवा ती खिडकी चालू की बंद हे सांगतो. ७ बिटांत १२८ पानं मोजता येतात. १२८ गुणिले १६ केबी म्हणजे बरोबर २ एमबी. एका कार्डाला २ एमबीची मर्यादा का, आणि चार कार्डं लावून ८ एमबीपर्यंतच का जाता येतं, याचं उत्तर या सात बिटांत आहे.

आता तुमच्या रांगा मोजा. २५६ किलोबिटच्या ८ चिपा मिळून २५६ केबी होतात, नववी चिप पॅरिटीची, म्हणजे चूक पकडणाऱ्या जादा बिटाची. अशा ८ रांगा म्हणजे ७२ चिपा आणि २ एमबी. आकडा चपखल बसतो. त्या काळातल्या अनेक बिननावाच्या तैवानी कार्डांनी अबव्ह बोर्डचीच रजिस्टर-रचना उचलली होती आणि पाया निवडायला डिप स्विच दिले होते: २०८, २१८, २५८, २६८, २ए८, २बी८ किंवा २ई८. तुमच्या कार्डावर चार-आठ स्विचांची पट्टी असेल आणि तिच्या आसपास यातला एखादा आकडा छापलेला दिसत असेल, तर ते याच कुळातलं आहे असं धरून चाला. मग त्या कुळासाठी लिहिलेला ड्रायव्हर चालण्याची चांगली शक्यता आहे.

एएसटीचा ड्रायव्हर तुम्हाला का नाकारतो तेही आता समजेल. एएसटी, क्वाड्रॅम आणि अ‍ॅश्टन-टेट यांनी ईईएमएस नावाचा वेगळा, जास्त सक्षम विस्तार आणला. त्यांचं रॅमपेज कार्ड ६४ केबीच्या चौकटीत अडकत नाही, १ एमबीच्या क्षेत्रात इतरत्रही पानं बसवू शकतं. त्यामुळे त्याची रजिस्टर्स निराळी, त्यांची जागा निराळी आणि त्यांचा रेम्म हा ड्रायव्हर तीच शोधतो. तुमच्या कार्डावर ती नाहीत. तो खरं तेच सांगतो आहे.

ड्रायव्हर शोधताना फाइलच्या नावावर जाऊ नका. ‘ईएमएम डॉट सिस’ हे नाव इंटेलनेही वापरलं आणि इतर पुष्कळांनीही. एकाच नावाच्या दोन फाइली पूर्णपणे वेगळ्या कार्डांच्या असतात. फाइलच्या आत टेक्स्ट असतं, एखाद्या हेक्स व्ह्यूअरने ते वाचा. कंपनीचं नाव, आवृत्ती आणि बहुतेक वेळा कोणते स्विच चालतात त्याच्या सूचनाही तिथेच सापडतात. कार्डाची ओळख पटवायला त्याची मागची बाजू बघा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कार्डांवर एफसीसी आयडी छापलेला असतो आणि त्याची पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. जंपर आणि स्विचांच्या आकृत्यांसाठी ‘टोटल हार्डवेअर ९९’ हा जुना संग्रह आजही इंटरनेटवर मिळतो. तुमच्या कार्डाचं चित्र आणि त्यातली आकृती शेजारी ठेवून चिपांच्या रांगा आणि स्विचांच्या जागा जुळवा.

पाया ठरवताना दोन पत्ते मी टाळतो. २ई८ हा कॉम-४ चा पत्ता आहे. आणि २०८ ला गेम पोर्ट असलेलं मल्टी-आय/ओ कार्ड आड येतं, कारण गेम पोर्टचा पत्ता २०१ असला तरी स्वस्तातली कार्डं २०० ते २०एफ अशा सगळ्या पत्त्यांना उत्तर देतात. ४२५८ किंवा सी२५८ हे मोठे आकडे पाहून ते सुरक्षित आहेत असं समजू नका. एक्सटीतली बरीचशी कार्डं पत्त्याचे फक्त खालचे १० बिट बघतात. त्यांच्या दृष्टीने ४२५८ म्हणजे २५८च. त्यामुळे २५८ ला दुसरं काही बसलं असेल तर चारही रजिस्टर्सवर गोंधळ होतो. २५८ किंवा २६८ ने सुरुवात करा.

पाया जमला की पेज फ्रेमची जागा. सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तो देण्यासारखा आहे, कारण चुकीच्या जागी चौकट बसली तर ड्रायव्हर तक्रार न करता लोड होतो आणि शीट मात्र दोन दिवसांनी बिघडते. हर्क्युलिस कार्ड बी००० ते बीएफएफएफ अशी सगळी जागा घेऊ शकतं, तिला हात लावायचा नाही. सी००० पासून तुमच्याकडे व्हीजीएची रॉम नाही, पण हार्ड डिस्क असेल तर तिच्या कंट्रोलरची रॉम बहुधा सी८०० ला आहे. वरचे ६४ केबी, एफ००० पासून, बायॉसचे. उरतात डी००० आणि ई०००. एक्सटीवर दोन्ही साधारण मोकळे असतात. मी डी००० पसंत करतो.

अंदाजावर राहू नका, डॉसमधल्या डीबगने बघून घ्या. ईएमएस ड्रायव्हर न लावता बूट करा आणि ‘डी’ कमांडने सी०००:० पासून दर २ केबीच्या सीमेवरचे पहिले काही बाइट पाहा. कुठेही रॉम असेल तर तिचे पहिले दोन बाइट ५५ आणि एए असतात. तिसरा बाइट तिची लांबी सांगतो, ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत. म्हणजे सी८००:० ला ५५ एए १० दिसलं तर १० हेक्स, म्हणजे १६ ठोकळे, म्हणजे ८ केबीची रॉम आहे. नुसते एफएफ दिसले तर जागा रिकामी असण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणतो, कारण नेटवर्क कार्डाची स्वतःची मेमरी तिचा ड्रायव्हर लोड होईपर्यंत झोपलेली असते आणि तोवर तिथे एफएफच दिसतं. वेस्टर्न डिजिटलची ८००३ मालिकेची कार्डं याचं ठळक उदाहरण. मोकळी दिसली म्हणून डी००० ला चौकट दिली, मग नेटवर्क चालू झालं आणि दोघं एकाच जागी बोलू लागले, असं व्हायचं. आपल्याकडच्या यंत्रांत आणखी एक गोष्ट तपासा. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आत बसलेलं असेल, तर ते काढून आणि लावून अशी दोन्ही वेळा ही पाहणी करा. जुन्या डीटीपीच्या दुकानांतून आलेल्या यंत्रांत ते अजून सापडतं.

आता आवृत्त्यांबद्दल. ऑगस्ट १९८७ मध्ये ईएमएस ४.० आलं. एएसटी मंडळींचा विस्तार त्यात सामावला गेला, मर्यादा ८ वरून ३२ एमबीवर गेली, फंक्शन्सची यादी ३० पर्यंत वाढली. कंपन्यांनी लगेच जुन्या कार्डांसाठी ‘४.० ड्रायव्हर’ दिले, आणि तिथून एक गोंधळ सुरू झाला जो आजही विक्रीच्या जाहिरातींत दिसतो. ४.० चा ड्रायव्हर नवी फंक्शन्स समजतो, पण कार्डावर चारच रजिस्टर्स असतील तर तो पाचवी खिडकी कुठून आणणार? विचारलं तर तो ४.० असं उत्तर देईल, आणि तरीही जी गोष्ट ४.० मध्ये खऱ्या अर्थाने नवी होती ती त्याला जमणार नाही. ती म्हणजे ६४० केबीच्या आतली मेमरीसुद्धा पानांसारखी अदलाबदल करणं. त्यासाठी मदरबोर्डवरची मेमरी स्विचांनी २५६ केबीपर्यंत कमी करून उरलेली कार्डाकडून भरून घ्यावी लागते. त्याला बॅकफिल म्हणतात. डेस्कव्ह्यूसारखं एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर यावरच चालतं. तुम्हाला लोटस चालवायचं आहे. त्याला ३.२ पुरेसं आहे, बॅकफिलच्या नादी लागू नका.

लोटसकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. २.०१ ही आवृत्ती सेलमधला मजकूर आणि सूत्रं एक्स्पांडेड मेमरीत नेते, पण कोणता सेल कुठे ठेवला याची नोंद साध्या मेमरीतच ठेवते. त्यामुळे २ एमबी रिकामी असतानाही मेमरी संपल्याचा संदेश येऊ शकतो. शीट आडवी-तिडवी पसरवू नका. डाव्या वरच्या कोपऱ्यात घट्ट मांडली तर बराच फरक पडतो.

सॉफ्टवेअरने ईएमएसची नक्कल करणारे ड्रायव्हरही मिळतात. ते कार्डाशिवाय, २८६ च्या एक्स्टेंडेड मेमरीतून (१ एमबीच्या वरच्या मेमरीतून) किंवा थेट हार्ड डिस्कवरून पानं आणतात. एक्सटीवर डिस्कचाच पर्याय उरतो. ते इतके मंद का? खऱ्या कार्डावर पान बदलणं म्हणजे एका पोर्टवर एक बाइट लिहिणं. नक्कल करणाऱ्याला दर वेळी १६ केबी उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात. मंदपणा सहन करता येईल, पण यात एक खरी विसंगतीही आहे. ईएमएसमध्ये एकच पान दोन खिडक्यांत एकाच वेळी दाखवता येतं. एका खिडकीत लिहिलं की दुसरीत ते लगेच दिसतं. नकलेत या दोन वेगळ्या प्रती असतात. पहिलीत लिहिलेलं दुसरीपर्यंत पोहोचत नाही, आणि परत ठेवताना जी प्रत शेवटी जाईल ती दुसरीला पुसून टाकते. याच युक्तीवर बेतलेला प्रोग्राम नकलेवर चुकीची उत्तरं देतो. हिशेबाच्या कामासाठी नक्कल वापरू नका, हे मी ठामपणे सांगेन.

ईएमएम३८६ तुमच्या एक्सटीवर का चालत नाही हे त्याच्या नावातच आहे. तेही नक्कलच करतं, पण ३८६ च्या अंगभूत सोयीने. ३८६ मध्ये पेजिंग आहे, म्हणजे कुठल्याही पत्त्यावर कुठलीही खरी मेमरी दाखवायची सोय प्रोसेसरमध्येच आहे. अबव्ह बोर्डची चार रजिस्टर्स जे करत होती, तेच आता प्रोसेसरच्या आतले तक्ते करतात. त्यामुळे नक्कल असूनही ती जलद आहे आणि वर सांगितलेली दोन प्रतींची अडचणही तिच्यात येत नाही. कॉम्पॅकने १९८६ मध्ये डेस्कप्रो ३८६ आणला, त्याच्यासोबत सेम्म नावाचा असा ड्रायव्हर होता. मग क्वार्टरडेकचं क्यूईएमएम आणि क्वालिटासचं ३८६मॅक्स आलं. १९९१ च्या एमएस-डॉस ५ पासून ईएमएम३८६ घराघरांत पोहोचलं. ८०८८ आणि २८६ मध्ये हे पेजिंगच नाही, तिथे त्या फाइलचा काही उपयोग नाही.

आता तुमचं ४८६. प्रोग्राम ड्रायव्हरला कसा शोधतो हे एकदा पाहिलं की निम्मे प्रश्न सुटतात. ईएमएसच्या सगळ्या विनंत्या इंटरप्ट ६७ मधून, म्हणजे ड्रायव्हरला हाक मारण्याच्या ठरलेल्या क्रमांकातून, जातात (हा आणि पुढचे फंक्शन क्रमांकही हेक्समध्ये). प्रोग्राम त्या इंटरप्टचा सेगमेंट घेतो आणि त्यातल्या ०ए या ऑफसेटवर आठ अक्षरं वाचतो: ईएमएम, मग चार एक्स, मग शून्य. ती जुळली तर ड्रायव्हर आहे. दुसरी पद्धत म्हणजे याच नावाची फाइल उघडून पाहणं, कारण डॉसच्या दृष्टीने ड्रायव्हर हे त्या नावाचं उपकरण आहे. पुढे फंक्शन ४० ने तब्येत विचारायची, ४१ ने चौकट कुठे आहे ते, ४२ ने किती पानं मोकळी, ४३ ने पानं मागायची, ४४ ने ती खिडकीत लावायची. आता ईएमएम३८६ ला ‘नोईएमएस’ हा स्विच दिला, तर ते वरच्या मेमरीचे (६४० केबी ते १ एमबीमधले) ब्लॉक, म्हणजे यूएमबी, देतं पण ईएमएस देत नाही, आणि आपल्या नावातला पहिला एक्स बदलून तिथे क्यू ठेवतं. जुन्या पद्धतीने शोधणाऱ्या प्रोग्रामला ते सापडतच नाही. ‘एक्स्पांडेड मेमरी नाही’ म्हणणाऱ्या गेमच्या बाबतीत बहुतेक वेळा कॉन्फिग डॉट सिसमध्ये (डॉस सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) हा स्विच निघतो. त्याऐवजी ‘रॅम’ लिहा. दोन्ही मिळेल, फक्त वरच्या मेमरीतले ६४ केबी चौकटीला जातील. ‘फ्रेम=नन’ लिहून ते ६४ केबी वाचवायचा मोह होतो, पण बहुतेक जुने प्रोग्राम चौकटीशिवाय ईएमएस वापरू शकत नाहीत.

ईएमएस नको म्हणणारे गेम हट्टी नाहीत, त्यांचं कारण खरं आहे. ईएमएम३८६ चालू असताना प्रोसेसर आधीच प्रोटेक्टेड मोडमध्ये (१ एमबीच्या वरची मेमरी वापरू देणाऱ्या मोडमध्ये) असतो आणि तुमचं डॉस आत, व्हर्च्युअल-८६ मोडमध्ये, चालत असतं. अशा वेळी एखाद्या प्रोग्रामला स्वतः प्रोटेक्टेड मोडमध्ये जायचं असेल तर जागा आधीच घेतलेली. यावर फार लॅप आणि क्वार्टरडेक यांनी व्हीसीपीआय नावाचा तोडगा काढला. त्याच्या विनंत्याही त्याच इंटरप्ट ६७ वर, डीई या क्रमांकाखाली येतात. जो डॉस एक्स्टेंडर (डॉस प्रोग्रामला प्रोटेक्टेड मोडमध्ये नेणारा भाग) व्हीसीपीआय जाणतो तो ईएमएम३८६ सोबत नांदतो, न जाणणारा बाहेर पडतो. विंडोज ३.० ने १९९० मध्ये डीपीएमआय हा वेगळा मार्ग धरला आणि आपल्या एन्हान्स्ड मोडमध्ये व्हीसीपीआयला थारा दिला नाही. म्हणून साध्या डॉसमध्ये चालणारा एखादा प्रोग्राम विंडोजच्या डॉस खिडकीत नाकारला जातो.

ओरिजिन या एकाच कंपनीचे दोन गेम घ्या. १९९० च्या विंग कमांडरला ईएमएस मिळालं तर कॉकपिटमध्ये पायलटचा हात जॉयस्टिक हलवताना दिसतो. नसेल तरी गेम चालतो, हात दिसत नाही. ड्रायव्हर नीट लागला का हे बघायला मला तो आजही उपयोगी पडतो. १९९२ चा अल्टिमा ७ मात्र स्वतःचाच मेमरी मॅनेजर आणतो. तो प्रोसेसरला रिअल मोडमध्येच ठेवून सेगमेंटची मर्यादा वाढवतो आणि १ एमबीच्या वरची मेमरी थेट वाचतो. व्हर्च्युअल-८६ मध्ये हे करताच येत नाही, म्हणून तो ईएमएम३८६ दिसलं की थांबतो. दोघांना खूश करणारी एकच कॉन्फिग डॉट सिस अस्तित्वात नाही, शोधत बसू नका. डॉस ६ पासून कॉन्फिग डॉट सिसमध्येच मेनू करता येतो. त्यात तीन पर्याय ठेवा: ईएमएससह, नोईएमएस, आणि ईएमएम३८६ अजिबात नाही असा. तिन्हीत हायमेम (१ एमबीच्या वरच्या मेमरीचा ड्रायव्हर) सगळ्यांत आधी, मग असेल तर ईएमएम३८६, मग ‘डॉस=हाय,यूएमबी’, शेवटच्या पर्यायात फक्त ‘डॉस=हाय’. हायमेमच्या आधी व्हीडिस्क या जुन्या रॅमडिस्कची ओळ राहिली असेल तर ते ‘व्हीडिस्क मेमरी अ‍ॅलोकेटर आधीच आहे’ असा संदेश देऊन लोड व्हायचं नाकारतं. अशा वेळी व्हीडिस्क काढून रॅमड्राइव्ह वापरा.

तुमच्या ४८६ मध्ये स्कझी डिस्क असेल तर आणखी एक इशारा. पेजिंग चालू असताना प्रोग्रामला दिसणारा पत्ता आणि खरा पत्ता वेगळे असतात. मदरबोर्डवरच्या डीएमए चिपवर (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीत डेटा ने-आण करणाऱ्या चिपवर) ईएमएम३८६ लक्ष ठेवतं आणि पत्ते दुरुस्त करतं, त्यामुळे फ्लॉपी आणि साउंड ब्लास्टर नीट चालतात. पण अ‍ॅडाप्टेकच्या १५४२ सारखं कार्ड स्वतःच मेमरीत लिहितं, आणि त्याला हा बदल कळत नाही. ड्रायव्हर वरच्या मेमरीत लोड केले की अशी डिस्क भलत्याच जागी लिहू शकते. यासाठी व्हीडीएस नावाची सोय आहे. कार्डाचा बायॉस किंवा ड्रायव्हर ती जाणत नसेल तर डॉसच्या स्मार्टड्राइव्ह या डिस्क-कॅशचं डबल बफरिंग चालू करा. हे करण्याआधी त्या डिस्कवर काहीही महत्त्वाचं लिहू नका.

परत एक्सटीकडे. ड्रायव्हर जमला की कॉन्फिग डॉट सिसमध्ये तो सगळ्यांत वर ठेवा, म्हणजे एक्स्पांडेड मेमरी मागणारे रॅमडिस्क वगैरे त्याच्या खाली येतील. पार्श्वभूमीत चालणारं काही, समजा प्रिंट स्पूलर, ईएमएस वापरत असेल तर ते पानं बदलण्याआधी आधीची मांडणी फंक्शन ४७ ने जपून ४८ ने परत लावतं का हे महत्त्वाचं आहे. न करणारा स्पूलर लोटसच्या हातातलं पान गुपचूप बदलतो, आणि दोष कार्डाला दिला जातो. म्हणून पहिली चाचणी फक्त ड्रायव्हर आणि लोटस एवढ्यावरच करा.

कार्ड बसवण्याआधी त्याच्या सोन्याच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सॉकेटमधली प्रत्येक चिप अंगठ्याने हलकेच दाबा. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन चिपा सॉकेटमधून हळूहळू वर येतात, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत पडून राहिलेल्या कार्डांच्या पायांवर काळपट थरही चढतो. लोड होताना बरेचसे ड्रायव्हर मेमरी तपासतात आणि किती पानं मिळाली ते सांगतात. २ एमबीला १२८ यायला हवीत. एक रांग म्हणजे २५६ केबी, म्हणजे १६ पानं. ११२ आली तर एक रांग गेली आहे किंवा तिचा स्विच चुकला आहे. काही ड्रायव्हर खराब पानं वगळून पुढे जातात, काही पहिल्या दोषापाशीच थांबतात. त्यामुळे ४८ असा आकडा आला तर पाच रांगा मेल्या असं समजू नका, आधी चौथी रांग पाहा. चालू असताना पडद्यावर ‘पॅरिटी चेक २’ आलं तर दोष स्लॉटमधल्या मेमरीत आहे, ‘पॅरिटी चेक १’ आलं तर मदरबोर्डवरच्या. संशयित रांगेतल्या चिपा एकेक करून चांगल्या रांगेतल्या चिपांशी बदला. दोष ज्या चिपेबरोबर सरकेल ती बाद. जागी १५० नॅनोसेकंद किंवा त्याहून जलद ४१२५६ चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत ती अजून मागून बघता येते, आणि नाही मिळाली तर एखाद्या मेलेल्या २८६ च्या मदरबोर्डवर सॉकेटमध्ये बसलेल्या सापडतील.